मुरलेली कॉफी आणि ठिबकलेली कॉफी

भाजून दळलेल्या कॉफीच्या वजनाचा जेमतेम तीस टक्के भाग गरम पाण्यात विरघळू शकतो. बाकीचा सारा तंतुमय चोथा. या तीस टक्क्यांतलेही सगळेच कपात उतरावे असे नसते. आंबट आणि फळांची आठवण करून देणारी द्रव्ये लवकर सुटतात, गोडवा आणि भाजल्याचा खमंगपणा त्यांच्यामागून येतो, आणि जिभेला कोरडे करणारा कडवटपणा सर्वांत शेवटी. अर्क कमी उतरला तर कॉफी आंबट आणि पोकळ लागते. जास्त उतरला तर कडू आणि तुरट. घरी कॉफी करण्याच्या सगळ्या खटपटीचा हेतू हा अर्क योग्य वेळी थांबवणे एवढाच असतो.

तो कुठे थांबवावा याचा पहिला पद्धतशीर अंदाज अमेरिकेत १९५० च्या दशकात बांधला गेला. एमआयटीमधील रसायनशास्त्राचे प्राध्यापक अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी कॉफी ब्रूइंग इन्स्टिट्यूटसाठी केलेल्या कामातून एक आलेख तयार झाला, आणि कॉफीच्या धंद्यात तो आजही भिंतीवर टांगलेला दिसतो. त्यानुसार दळलेल्या कॉफीच्या वजनाचा १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरलेला असावा आणि तयार पेयात विरघळलेल्या द्रव्यांचे प्रमाण १.१५ ते १.३५ टक्के असावे. पहिला आकडा, म्हणजे उतारा, चोथ्यातून किती काढले ते सांगतो, दुसरा कॉफी किती दाट झाली ते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ‘कॉफी कडू झाली’ आणि ‘कॉफी स्ट्राँग झाली’ ही वाक्ये घरात सर्रास एकाच अर्थाने वापरली जातात, आणि घरगुती कॉफीतले निम्मे घोटाळे तिथूनच सुरू होतात. पातळ कॉफीही कडू असू शकते आणि दाट कॉफीही आंबट. लॉकहार्ट यांचे आकडे त्या काळच्या अमेरिकी जिभेचे आहेत, हेही लक्षात ठेवायला हवे. दुधाच्या कॉफीवर वाढलेल्या माणसाला ते पाणचट वाटले तर त्यात त्याच्या जिभेचा दोष नाही.

अर्क उतरवण्याच्या घरगुती रीती मुख्यतः दोन. एकीत कॉफी आणि पाणी एकत्र करून ठरावीक वेळ मुरू देतात आणि मग चोथा वेगळा करतात. फ्रेंच प्रेस हे या रीतीचे सर्वांत परिचित भांडे. दुसरीत कॉफीचा थर गाळणीत ठेवून त्यावरून पाणी सोडतात आणि ते खाली ठिबकू देतात. कागदी फिल्टरचा शंकू, विजेवरचे कॉफी मशीन आणि दक्षिण भारतातला पितळी किंवा स्टीलचा दुमजली फिल्टर ही सगळी या एकाच कुळातली. महाराष्ट्रातल्या घरांतली जुनी दुधाची कॉफी या दोन्हींत बसत नाही. पूड, साखर आणि किसलेले जायफळ दुधाबरोबर उकळून ती केली जाते, म्हणजे ती उकळीच्या कॉफीची एक शाखा. उकळीच्या कॉफीचा विषय पुढे कोलेस्टेरॉलच्या निमित्ताने पुन्हा येईल.

ठिबकवण्याची रीत आधी रुळली. साधारण १८०० च्या सुमारास पॅरिसचे आर्चबिशप जाँ-बाप्तिस्त द बेलुआ यांच्या नावाने ओळखली जाणारी दोन कप्प्यांची किटली फ्रान्समध्ये वापरात आली. वरच्या कप्प्याच्या तळाला छिद्रे, त्यावर कॉफी, आणि वरून गरम पाणी. तोवर युरोपात कॉफी बहुधा उकळूनच करत. उकळल्याने सुगंध उडून जातो हा मुद्दा काउंट रम्फर्ड या नावाने प्रसिद्ध असलेल्या बेंजामिन थॉम्पसन यांनी १८१२ च्या आपल्या कॉफीवरील निबंधात मोठ्या हिरिरीने मांडला. उष्णतेच्या अभ्यासाबद्दल ख्याती असलेल्या या शास्त्रज्ञाने किटलीभोवती गरम पाण्याचे वेष्टणही सुचवले होते. कॉफी निथळत असताना तिचे तापमान उतरू नये, हा त्यामागचा विचार. चांगल्या मशीनचे निर्माते आजही याच प्रश्नाशी झुंजत असतात.

धातूच्या छिद्रांतून गाळ खाली येतो, हा मात्र न सुटलेला प्रश्न होता. तो जर्मनीतील ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्स या गृहिणीने सोडवला. तिने पितळी भांड्याच्या तळाला खिळ्याने भोके पाडली आणि मुलाच्या वहीतला टीपकागद आत घातला. २० जून १९०८ रोजी बर्लिनच्या पेटंट कार्यालयात या फिल्टरची नोंद झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ७३ फेनिग भांडवलावर तिची कंपनी सुरू झाली. आजचा शंकूच्या आकाराचा फिल्टर १९३० च्या दशकात आला. १९४१ मध्ये पीटर श्लुमबोम या जर्मन वंशाच्या रसायनतज्ज्ञाने अमेरिकेत केमेक्स हे काचेचे भांडे काढले. प्रयोगशाळेतला चंबू आणि नरसाळे एकत्र करून ते घडवले होते आणि त्याचा कागद नेहमीपेक्षा बराच जाड होता. जपानच्या हारिओ कंपनीचा व्ही-सिक्स्टी हा चक्राकार कंगोऱ्यांचा शंकू अगदी अलीकडचा, या शतकातला.

वरून पाणी ओतायचे काम विजेकडे सोपवणारे पहिले घरगुती यंत्र १९५४ मध्ये जर्मनीत गॉटलोब विडमन यांनी काढले. त्याचे नाव विगोमॅट. अमेरिकेत मात्र त्यानंतरही बराच काळ पर्कोलेटरचे राज्य होते. या भांड्यात तयार झालेली कॉफीच पुन्हा पुन्हा उकळून चोथ्यावरून फिरवली जाते, आणि सर्व कडवटपणा शेवटच्या थेंबापर्यंत काढला जातो. १९७२ मध्ये क्लीव्हलंडच्या व्हिन्सेंट मारोटा आणि सॅम्युअल ग्लेझर यांनी ‘मिस्टर कॉफी’ हे मशीन बाजारात आणले, बेसबॉलपटू जो डिमॅजिओला जाहिरातीत उभे केले, आणि थोड्याच वर्षांत पर्कोलेटर माळ्यावर गेला.

फ्रेंच प्रेसची वंशावळ नावाइतकी सरळ नाही. १८५२ मध्ये फ्रान्समध्ये मायर आणि देलफोर्ज यांनी दांड्याला लावलेली गाळणी भांड्यात खाली ढकलण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. पण त्या काळच्या कारागिरीत गाळणी भांड्याच्या भिंतीला घट्ट बसत नसे, कडेने चोथा वर येई, आणि कल्पना मागे पडली. ती पुन्हा उचलली इटलीत: १९२९ मध्ये मिलानच्या आत्तिलिओ कालिमानी आणि जूलिओ मोनेता यांनी, जाळीच्या कडेला स्प्रिंग लावून. १९५८ मध्ये फालिएरो बोंदानीनी यांनी त्यात सुधारणा केली आणि त्यांचे भांडे फ्रान्सच्या नॉर्मंडीत, क्लॅरिनेट बनवणाऱ्या एका कारखान्यात तयार होऊ लागले. त्याला जगभर नेले ते डेन्मार्कच्या बोडुम कंपनीने. म्हणजे फ्रेंच म्हणवणारे हे भांडे घडवले इटालियनांनी आणि विकले डॅनिशांनी. फ्रान्सच्या वाट्याला पहिले फसलेले पेटंट आणि कारखान्याची जागा आली.

या दोन रीतींतला खरा फरक भांड्यांपेक्षा पाण्यात आहे. प्रेसमध्ये एकदा ओतलेले पाणी शेवटपर्यंत तेच राहते. सुरुवातीला ते कोरे असते, त्यामुळे कॉफीतून द्रव्ये झपाट्याने सुटतात. जसजसे ते दाट होते, तसतसा हा वेग मंदावतो आणि काही मिनिटांत कणांतला अर्क आणि बाहेरचा अर्क यांचा समतोल होऊ लागतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील कॉफी-संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की पूर्ण मुरू दिलेल्या कॉफीत ८० ते ९९ अंश सेल्सियसच्या दरम्यान पाणी कितीही तापलेले असले, तरी उतारा २१ टक्क्यांच्या आसपासच थांबतो. दळण्याच्या जाडीचाही अंतिम उताऱ्यावर फारसा परिणाम दिसला नाही. फ्रेंच प्रेसच्या सोशिक स्वभावाचे कारण हेच. एखादे मिनिट जास्त झाले, पाणी दोन अंश गार असले, तरी कॉफी बिघडत नाही.

ठिबकण्यात ही सोय नाही. तिथे वरून सतत कोरे पाणी येते आणि कोऱ्या पाण्याला समतोल माहीत नसतो. चोथ्यात जे काही उरले असेल ते ते ओढतच राहते. म्हणून ठिबकणाऱ्या कॉफीत सारा हिशेब वेगाचा. पाणी थरातून किती वेळात निघून जाते, हे कॉफी किती बारीक दळली आहे, थर किती जाड आहे आणि कागद किती घट्ट आहे यावर ठरते. दळण थोडे बारीक झाले की पाणी तुंबते आणि कॉफी कडवट होते. भरड झाले की पाणी सरळ निघून जाते आणि पेयात आंबटपणा राहतो. त्यात पाणी थरातून सगळीकडे सारखे जात नाही. एका बाजूला वाट सापडली की तिथूनच ते धावते, तिथली कॉफी पिळून निघते आणि दुसऱ्या बाजूची जवळजवळ कोरडी राहते. एकाच कपात कडू आणि आंबट दोन्ही चवी एकदम आल्या, तर कारण बहुधा हेच असते. ठिबकवण्यात हाताला सराव लागतो आणि प्रेसमध्ये लागत नाही, असे म्हणतात ते यामुळे.

या फरकाचा एक परिणाम साध्या गणितातून दिसतो. समजा ३० ग्रॅम कॉफी आणि ५०० ग्रॅम पाणी घेतले. कॉफी स्वतःच्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणजे ६० ग्रॅम पाणी चोथ्यातच राहते आणि कपात ४४० ग्रॅम येते. दोन्ही रीतींत २० टक्के अर्क उतरला असे धरले तर ६ ग्रॅम द्रव्ये सुटली. प्रेसमध्ये ती पूर्ण ५०० ग्रॅम पाण्यात सारखी पसरलेली असतात, त्यामुळे चोथ्यात अडकलेले ६० ग्रॅम पाणीही कपातल्या इतकेच दाट असते. कपातली कॉफी १.२ टक्के. ठिबकवण्यात शेवटचे पाणी जवळजवळ कोरे असते आणि तेच चोथ्यात अडकून राहते. त्यामुळे बहुतेक सगळी ६ ग्रॅम द्रव्ये ४४० ग्रॅममध्ये येतात आणि कॉफी १.३६ टक्क्यांवर जाते. तितकीच दाट कॉफी हवी असेल तर प्रेसमध्ये आठवा हिस्सा तरी जास्त पूड घालावी लागते. प्रेसच्या कॉफीला ‘जोरदार’ म्हणणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांना जाणवणारा जोर विरघळलेल्या द्रव्यांचा नसतो, तेलाचा आणि गाळाचा असतो.

तेल आणि गाळ हा दुसरा मोठा फरक, आणि तो गाळणीतून येतो. प्रेसची जाळी धातूची असते. दळलेल्या कॉफीत भरड कणांबरोबर पिठासारखी धूळही असते. ती जाळीतून सहज निसटते, पेयात तरंगते आणि हळूहळू तळाशी बसते. कॉफीतले तेलही जाळीला अडत नाही. त्यामुळे प्रेसच्या कॉफीवर बारीक तवंग दिसतो आणि ती तोंडात भरल्यासारखी लागते. कागद मात्र बहुतेक धूळ आणि तेल शोषून ठेवतो. त्यातून येणारी कॉफी स्वच्छ आणि पारदर्शक असते, फळांचे, फुलांचे बारीक सुगंध तिच्यात वेगवेगळे ओळखू येतात, पण अंगाने ती हलकी असते. दूध घालून पिणाऱ्यांच्या घरात कागदी फिल्टरची कॉफी टिकत नाही, याचे कारण इथे आहे: हलक्या अंगाची कॉफी दुधात हरवते. तिथे प्रेस, किंवा त्याहून बरा असा दक्षिणी फिल्टर, अधिक शोभतो.

प्रेसची नेहमीची कृती लिटरला ६० ग्रॅम पुडीच्या हिशेबाने चालते. भांडे आधी गरम पाण्याने विसळून घ्यावे, कारण काच उष्णता चटकन खाते. पूड घालून उकळी बसलेले पाणी एका दमात ओतावे. ताज्या भाजलेल्या कॉफीत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो. पाणी पडताच तो सुटतो आणि पूड फुगून वर जाड थर जमतो. चार मिनिटांनी तो चमच्याने मोडला की बहुतेक पूड तळाशी जाते. मग दांडा सावकाश खाली न्यावा. जोराने दाबल्यास तळचा गाळ घुसळून वर येतो, आणि हात निसटला तर गरम कॉफी अंगावर. बहुतेक पुस्तके इथे थांबतात. २००७ चे जागतिक बरिस्ता विजेते जेम्स हॉफमन यांनी लोकप्रिय केलेली रीत वेगळी आहे: थर मोडल्यावर वरचा फेस काढून टाकायचा, आणखी पाच-एक मिनिटे भांड्याला हात लावायचा नाही, आणि दांडा दाबायचाच नाही, जाळी फक्त पृष्ठभागापर्यंत टेकवून तिच्यातून कॉफी ओतायची. गाळ आपोआप बसलेला असल्याने कप बराच स्वच्छ येतो. दाबण्यासाठी केलेल्या भांड्यात न दाबणे विचित्र वाटते, पण समतोलाचे जे कारण वर आले त्यामुळे या जास्तीच्या मिनिटांत कॉफी फारशी कडू होत नाही.

ठिबकवताना कागद आधी गरम पाण्याने भिजवून ते पाणी फेकून द्यायचे. त्याने कागदाचा वास जातो आणि खालचे भांडे तापते. मग पुडीच्या दुप्पट वजनाचे पाणी घालून अर्धा-पाऊण मिनिट थांबायचे. अडकलेला वायू या वेळात निघून जातो; तो तसाच राहिला तर पुढचे पाणी कणांत शिरू देत नाही. उरलेले पाणी दोन-तीन खेपांत, मध्यातून बाहेर गोल फिरवत ओतायचे. एवढे सारे तीन ते चार मिनिटांत निथळले तर दळण बरोबर आहे.

मशीन हेच काम करते, पण डोळे झाकून. त्यात बहुधा पंपही नसतो. टाकीतले पाणी एकमार्गी झडपेतून ॲल्युमिनियमच्या वाकवलेल्या नळीत उतरते. नळीला चिकटलेले हीटर ते उकळवते आणि वाफेचे बुडबुडे पाण्याचे घोट वर ढकलतात. वरून ते पुडीवर पडते. तेच हीटर खालची गरम पट्टीही तापवते. रचना इतकी साधी की मशीन वर्षानुवर्षे चालते, आणि स्वस्त मशीनचे सर्व दोषही याच साधेपणातून येतात. पहिले पाणी पुरेसे तापलेले नसते, शेवटचे जास्त तापलेले असते, आणि ते पडते थराच्या मध्यावर, कडा कोरड्या ठेवून. गरम पट्टी हा तर शुद्ध अपराध आहे. तयार कॉफी तिच्यावर अर्धा तास राहिली की तिच्यातल्या आम्लांचे रूपांतर होत जाते, आंबट-कडवट जळका वास येऊ लागतो आणि सुगंध उडून जातो. काचेच्या भांड्याऐवजी थर्मासमध्ये कॉफी उतरवणारे मशीन मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तेच घ्यावे.

पाण्याच्या तापमानाबद्दल कॉफीप्रेमी जेवढे भांडतात तेवढे प्रयोगांतून सिद्ध होत नाही. डेव्हिसच्याच संशोधकांनी २०२० मध्ये ८७, ९० आणि ९३ अंशांच्या पाण्याने ठिबक कॉफी केली, पण प्रत्येक वेळी दाटपणा आणि उतारा मुद्दाम सारखा ठेवला. चाखणाऱ्यांना तापमानामुळे फारसा फरक जाणवला नाही. तापमानाला महत्त्व नाही असा याचा अर्थ नव्हे. त्याचा परिणाम उताऱ्यातून होतो आणि तो दळण बदलूनही साधता येतो. पाणी उकळल्यावर अर्धे मिनिट थांबून ओतले की घरच्या कामाला पुरते. महाबळेश्वर किंवा पाचगणीत तेवढेही थांबायचे कारण नाही, त्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांच्या आसपासच उकळते.

पाण्यात काय विरघळलेले आहे याने मात्र चव स्पष्ट बदलते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम थोडे असणे चांगले, त्यांच्यामुळे अर्क नीट उतरतो. बायकार्बोनेट जास्त असले की ते कॉफीतली आम्ले मारते आणि पेय खडूसारखे सपाट लागते. भातसा, तानसा, वैतरणा अशा पावसावर भरणाऱ्या जलाशयांचे मुंबईचे पाणी मऊ असते आणि कॉफीला मानवते. मराठवाड्यातल्या बोअरवेलच्या जड पाण्यात मात्र तीच पूड वेगळीच लागते, आणि हलक्या भाजलेल्या महागड्या बियांचे पैसे तिथे वाया जातात. आरओ यंत्राचे अगदी रिकामे पाणीही उत्तम नव्हे. त्यात खनिजे उरलेली नसतात. दोन्ही पाणी मिसळून घेणे हा स्वस्त उपाय.

दळण हा या प्रकरणातला सर्वांत कळीचा भाग, आणि घरात त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. प्रेससाठी पूड जाड रव्याएवढी आणि कागदी फिल्टरसाठी बारीक रव्याएवढी लागते. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात हे साधत नाही. पाते कापत नाही, फोडते, त्यामुळे एकाच वेळी पीठ आणि कण्या दोन्ही तयार होतात. पिठातून कडवटपणा लगेच उतरतो, कण्यांतून काहीच उतरत नाही. दोन दातेरी चकत्यांमध्ये बी चिरडणारे हाताचे ग्राइंडर यासाठी हवे. महाग मशीन आणि मिक्सरवर दळलेली पूड यापेक्षा साधे भांडे आणि चांगले ग्राइंडर ही जोडी केव्हाही सरस. दळल्यावर सुगंध काही मिनिटांतच ओसरू लागतो, हे आणखी एक कारण.

भारतीय दुकानांत ‘फिल्टर कॉफी’ म्हणून मिळणारी पूड या दोन्ही भांड्यांसाठी नसते. ती दक्षिणी फिल्टरसाठी बारीक दळलेली असते आणि तिच्यात बहुधा चिकोरी असते. भारतीय नियमांनुसार अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते. म्हणजे जवळजवळ निम्मी चिकोरी चालते. चिकोरी हे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ. कॉफीच्या मानाने त्याचा कितीतरी मोठा भाग पाण्यात विरघळतो, त्यामुळे रंग काळाभोर आणि पेय दाट होते, पण कॅफिन त्यात अजिबात नसते. दक्षिणी फिल्टरमध्ये हे मिश्रण छान काम करते. वरच्या कप्प्यात पूड दाबून बसवलेली, त्यावर थोडेच पाणी, आणि डिकॉक्शन थेंबाथेंबाने सावकाश उतरणारे. मग त्यात भरपूर गरम दूध. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांत मिळणारी कॉफी याच पद्धतीची. हीच पूड प्रेसमध्ये टाकली तर दांडा अडकतो आणि कपात चिखल येतो. कागदात टाकली तर पाणी तुंबून बसते. शिवाय प्रेस किंवा कागदी फिल्टरसाठी घ्यायच्या बिया निव्वळ कॉफीच्या असाव्यात, त्याही शक्यतो अरेबिका. चिकमगळूर, कोडगू आणि आंध्रातील अराकू येथील अशा बिया आता थेट भट्टीवाल्यांकडून मागवता येतात. रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफिन असते आणि तिचा रांगडा कडवटपणा दुधात खुलतो, काळ्या कॉफीत मात्र खुपतो. कॅफिनच्या बाबतीत प्रेस आणि फिल्टर यांच्यात म्हणण्यासारखा फरक नाही: ते सहज विरघळते आणि दोन्हीकडे जवळजवळ सगळे उतरते. किती पूड घातली आणि कोणत्या बियांची, यावरच ते ठरते.

प्रकृतीच्या दृष्टीने मात्र दोन भांड्यांत फरक आहे, आणि तो कसा सापडला ही हकिकत नॉर्वेतून सुरू होते. १९८३ मध्ये उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो येथील मोठ्या पाहणीत जास्त कॉफी पिणाऱ्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल जास्त आढळले. इतर देशांतल्या पाहण्यांत हा संबंध धडपणे दिसेना. उलगडा झाला तो कॉफी करण्याच्या रीतीतून. उत्तर युरोपात भरड पूड पाण्यात उकळून, गाळ बसू देऊन वरची कॉफी ओतून घेण्याची चाल होती. नेदरलँड्समध्ये १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उकळलेल्या कॉफीने कोलेस्टेरॉल वाढले, कागदातून गाळलेलीने नाही. दोषी ठरले ते कॉफीच्या तेलातले कॅफेस्टोल आणि काह्वेओल हे दोन घटक; यकृतात कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार होण्याच्या कामात कॅफेस्टोल आडकाठी आणते. कागदाच्या तंतूंत ते अडकते, जाळीतून मात्र आरपार जाते.

फ्रेंच प्रेस या चौकशीतून सुटला नाही. १९९६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या डच प्रयोगात ४६ निरोगी माणसांना सहा महिन्यांपर्यंत रोज पाच-सहा कप कडक कॉफी दिली, काहींना प्रेसची, काहींना कागदी फिल्टरची. प्रेसवाल्यांचे एलडीएल कोलेस्टेरॉल ९ ते १४ टक्क्यांनी जास्त निघाले. पाच-सहा कप ही मोठी मात्रा आहे, आणि दिवसातून एखादा कप पिणाऱ्याने यावरून घाबरून जावे असे काही नाही. ज्याचे कोलेस्टेरॉल आधीच वाढलेले आहे आणि ज्याला दिवसभर काळी कॉफी लागते, त्याने मात्र कागदी फिल्टर वापरणे शहाणपणाचे. प्रेस आवडत असेल तर त्यातली कॉफी शेवटी कागदातून गाळून घेता येते. मग भारदस्तपणा जातो, पण मुरलेल्या कॉफीचा गोल स्वाद बराचसा राहतो.

देखभालीत दोन्हींचे त्रास वेगळे. कागद चोथ्यासकट उचलून टाकता येतो, आणि दोन्ही कुंडीतल्या खतात जिरतात. खर्च तेवढा दर महिन्याला चालू राहतो. प्रेसचा खर्च एकदाच, पण ओला चोथा भांड्याला चिकटून बसतो. तो सिंकमध्ये ओतला तर पाइप तुंबतो. गाळणीत काढून मगच भांडे धुवावे. जाळीचे तीन-चार भाग स्क्रू काढून सुटे होतात आणि ते अधूनमधून सुटे करून साबणाने घासावेच लागतात. जाळीच्या पदरात अडकलेले तेल काही दिवसांत खवट होते, आणि चांगल्या बियांची कॉफीही मग शिळ्या तेलाच्या वासाची लागते. मशीनमध्ये तेल नाही, क्षार साचतात. जड पाण्याच्या गावात नळीच्या आत पांढरा थर बसतो, पाणी हळू चढते आणि पुरेसे तापत नाही. सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगर घातलेले पाणी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा मशीनमधून फिरवावे आणि नंतर दोनदा साधे पाणी. मुंबईसारख्या मऊ पाण्यात हेच काम वर्षातून दोन वेळा केले तरी भागते.